चाचांच्या हातचं तेल

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी पैलवान होते आणि म्हातारपणीही स्वतःला पैलवानच समजत. पडेगावच्या जुन्या वस्तीत एक तालीम आहे. वर पत्रे, आत लाल मातीचा हौद, कोपऱ्यात मारुती. आमची शेती सुटली, जमिनीवर प्लॉट पडले, पण आबांची तालीम काही सुटली नाही. कुस्ती थांबल्यावर ते पोरांना डाव शिकवायला लागले. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची मान धरली, की लोक त्यांच्याकडे यायचे आणि आबांचा इलाज ठरलेला असायचा: कोमट तिळाचं तेल आणि तळहात. डोकं दुखतंय, तेल लावा. झोप येत नाही, तेल लावा. बारावीला माझा गणिताचा पेपर बुडाला, तेव्हाही त्यांनी आईला सांगितलं होतं, "तिच्या टाळूवर तेल थाप जरा, डोकं थंड हुईल." डोकं थंड झालं, गणित काही सुटलं नाही.

तेल लावण्यात आबांच्याही वरचढ असा एकच माणूस होता. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. आबांचा तालमीतला जोडीदार, वयानं त्यांच्याच बरोबरीचा, राहायला छावणीच्या बाजूला. दोघांनी एकमेकांना किती वेळा चीतपट केलं याचा हिशेब दोघांचाही वेगवेगळा होता आणि त्यावरून अजून भांडणं व्हायची. कुस्ती सुटल्यावर तालमीतल्या पोरांची मालिश करणं आणि हौदाची माती सांभाळणं ही कामं चाचांनी आपणहून अंगावर घेतली. लोक दुखरी कंबर घेऊन लांबून त्यांच्याकडे येत. मोठी माणसंही त्यांच्यापुढे निमूट पालथी पडत. तो त्यांचा मान होता, आणि तो त्यांच्या दोन हातांत होता.

हौदातली माती म्हणजे नुसती माती नव्हे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तीत तिळाचं तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, कडुलिंबाचा पाला असं काय काय घालून ती मळतात, उकरतात, पुन्हा मळतात. पोरं हौदात उतरताना ती कपाळाला लावतात, चाचाही लावायचे. लढतीत कोपर सोललं, गुडघा फुटला, कान सुजला, की चिमूटभर तीच माती तेलात कालवून लावायची. आणि जखम भरून यायची. वीस वर्षांच्या धडधाकट पोराची जखम तशीही भरून येते, ही गोष्ट तालमीत कुणाच्या ध्यानात यायची नाही. मला हे बोलायची सोय नव्हती, कारण बाईमाणसानं तालमीच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही आणि उंबऱ्याबाहेरून बोललेलं आत कुणाला ऐकू जात नाही.

मी वाळूजला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिथं आत जायचं तर डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि हात कोपरापर्यंत धुवायचे. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाच्या हातांकडे बघायची मला एक वाईट सवय लागली आहे. कुणी शेक हँडला हात पुढं केला की आधी नखं दिसतात. आबा म्हणायचे, "हिला माणसं नाय दिसत, निस्ते जंतू दिसत्यात."

आई गेल्यापासून आबा माझ्याकडेच आहेत. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी जोर काढता काढता ते हौदाच्या काठावर बसले आणि उठलेच नाहीत. चाचांनीच त्यांना रिक्षात घातलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. त्यात साखर, जी आबा कधी कबूल करत नसत. जालना रोडवरच्या दवाखान्यात बायपास झाली. छाती उघडली, आणि हृदयाला जोडायला शीर हवी म्हणून डाव्या पायाची शीर काढून घेतली. घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत टाक्यांची एक लांब रेघ आली. छातीवरच्या जखमेला आम्ही सगळे भिऊन होतो. पायाकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. पैलवानाचा पाय, त्याला काय होतंय!

घरी सोडताना सर्जन मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. वयानं त्या माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं सरळ. "जखमेवर पाणी नको, पावडर नको, हळद नको, तेल नको. स्वच्छ आणि कोरडी राहू द्या. साखर आहे, त्यामुळे पाय भरायला वेळ लागणार."

"तेलबी नाय?" आबांनी विचारलं.

"तेल तर नाहीच. जखम पूर्ण बंद झाली, खपली आपोआप पडली, की मी सांगेन. तोपर्यंत नाही."

आबा "बरं" म्हणाले. तालमीत एखादा अडाणी पोरगा त्यांना डाव शिकवायला लागला की ते असंच "बरं" म्हणायचे.

मी कामावर, नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर, दुपारी आबा एकटे. चाचा रोज येऊन त्यांच्या पायथ्याशी बसायला लागले तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. दोघं म्हातारे जुन्या कुस्त्या पुन्हा लढत बसायचे आणि मी आले की चाचा चप्पल घालून निघायचे. छाती छान भरत होती. पायाचे टाके काढले तेव्हा पोटरीवर एका ठिकाणी थोडी ओल होती. मॅडम म्हणाल्या, एवढा कोपरा बंद व्हायचा आहे, रोज ड्रेसिंग करा. ते मी सकाळी करत होते.

एका संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि मला कापराचा वास आला. आमच्या देवघरात कापूर संपून बरेच दिवस झाले होते.

"आबा, तेल कुणी लावलं?"

"तळव्याला लावलं. भेगा पडल्यात. तळव्याला काय टाके घातल्यात व्हय?"

"तळव्याचं तेल वर पोटरीला जातं."

"तेल काय चालतं का गं पायानं?"

मला राग आला होता तरी हसू फुटलं. मग मी चांगलंच खडसावलं, आबांना आणि दुसऱ्या दिवशी चाचांनाही. चाचांनी मान खाली घालून "हौ बेटी, हौ" म्हटलं. पण त्यांच्या होकाराला काही अर्थ नव्हता, कारण जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. पोटरी लाल झाली, मग तापायला लागली, मग आबांनाच ताप चढला आणि ते ताटावरून उठून न जेवता झोपले. आबा न जेवता झोपले म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेले.

मॅडमनी पट्टी सोडली. तो कोपरा आता कोपरा राहिला नव्हता. कडेला बोटानं जरा दाबलं तर आतून पू आला. त्यांनी चिमट्यानं काहीतरी अलगद उचललं आणि पांढऱ्या कापसावर ठेवलं. लालसर, बारीक कण होते.

"काका, काय लावलं होतं?"

"तेल," आबा म्हणाले. "नुसतं तिळाचं तेल. मीच लावलं."

"तेलात असे कण नसतात."

"मीच लावलं म्हणलं ना."

आबांच्या छातीला पट्टा होता. त्यांना खाली वाकायची मनाई होती आणि वाकता येतही नव्हतं. पायजम्याची नाडी मी बांधत होते, मोजे मी चढवत होते. स्वतःच्या पोटरीपर्यंत त्यांचा हात पोचणं शक्यच नव्हतं. हे मॅडमना दिसत होतं आणि मलाही. आबा छताकडे बघत राहिले. जोडीदाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलेलं होतं.

मॅडम मला बाहेर घेऊन आल्या. "मला भांडायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "कुणी लावलं याच्याशी मला काही देणंघेणं नाही. काय लावलं, कधीपासून लावलं, ते हवंय. नुसतं तेल असेल तर एक गोष्ट. माती असेल, शेण असेल, तर जंतू वेगळे, औषधं वेगळी, धनुर्वाताचंही बघावं लागेल. पू तपासायला पाठवतेय, पण उत्तर यायला वेळ लागेल आणि तोवर मला अंधारात बाण मारायचा नाही. हे वर चढलं तर पाय कापावा लागेल. आणि खरं सांगू? त्यांचं हृदय आत्ता दुसरं मोठं ऑपरेशन सोसेल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

तो रंग मी ओळखला होता. लहानपणी आईबरोबर आबांचे लंगोट धुताना बादलीच्या तळाशी जो रंग बसायचा, तोच. पण तेवढं सांगून भागणार नव्हतं. मी स्कूटी काढली आणि थेट तालमीत गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहून हाक मारली. आतला जोर काढणाऱ्या पोरांच्या उसाशांचा आवाज एकदम थांबला. चाचा हात पुसत बाहेर आले.

"बेटी, पैलवान कैसे हैं?"

"चाचा, पायाला काय लावलं?"

ते स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. मीही तिकडेच बघत होते. नखांच्या कडेला लाल रेषा होत्या. धुऊनही न जाणाऱ्या, मुरलेल्या.

"माती," शेवटी ते म्हणाले. "तेल में घोल के. एक कोना गीला था बेटी. मैं सोचा, माती पानी सोख लेगी, तेल नरम रखेगा. मेरे कान कू लगाई थी, तेरे बाप के घुटने कू लगाई थी. सारी उमर येइच लगाए हम लोगां."

"आबांनी नको म्हटलं नाही?"

"उनोइच बोले, डागदरों कू क्या मालूम." मग ते थांबले, मान हलवली. "नै. झूट नक्को. पैले मैं बोला. बाद में उनो हौ बोले."

मला इतका संताप आला की उंबऱ्याचं भानच राहिलं नाही. मी आत पाऊल टाकलं असेल, कारण पोरं मागं सरलेली मला आठवतात. "त्यांचा पाय गेला ना चाचा," मी म्हणाले, "तर तुमच्या या हातांनी गेला, एवढं लक्षात ठेवा." मी बोलले ते खरं होतं आणि आजही मला ते खोटं वाटत नाही. पण त्या शब्दांनी त्या माणसाचा चेहरा कसा उतरला, ते मी विसरलेली नाही.

त्यांनी वाद घातला नाही. आत गेले, खुंटीवरचा धुतलेला रुमाल घेतला, हौदातली मूठभर माती त्यात बांधली आणि माझ्या स्कूटीवर मागं येऊन बसले. छावणीच्या वळणावर मागून एवढंच ऐकू आलं, "जल्दी चला बेटी."

दवाखान्यात मॅडमसमोर त्यांनी रुमाल उघडला. मातीत काय काय घातलंय ते एकेक करून सांगितलं. पावसाळ्यानंतर हौद उकरलेला नाही हे सांगितलं. मॅडमनी विचारलं, आसपास जनावरं बांधतात का? "पीछू भैंसां हैं," चाचा म्हणाले. कधीपासून लावली? टाके काढल्यावर दोन-तीन दिवसांनी सुरू केली, रोज मी घरी यायच्या आत पुसून पट्टी पुन्हा तशीच बांधायचे, आणि मी खडसावलं त्या दिवसापासून बंद केली. काही लपवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले. शाळेत छडी घ्यायला पोरं उभी राहतात, तसे. मॅडम मात्र फोनवर औषधांची नावं सांगत होत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः आलात, बरं केलंत. आता मला काम करता येईल." आणि आत निघून गेल्या. कुणीच रागावलं नाही म्हणून चाचा आणखीच खचले असं मला वाटलं. भिंतीला टेकून ते खाली बसले.

आबांना जखम साफ करायला आत नेत होते. स्ट्रेचरवरून त्यांना चाचा दिसले. त्यांनी माझा हात धरला, आणि मला वाटलं धीर मागतायत.

"त्याला कशाला आणलंस गं हितं?"

"तुमचा पाय ठेवायचा होता म्हणून."

त्यांनी हात सोडला. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाणी दे. पडदा ओढ. मी बापाचा पाय वाचवत होते आणि बाप माझ्यावर रुसून बसला होता. जखमेच्या आत काही साधं नव्हतं. सडलेलं मांस खरवडून काढलं, जखम मुद्दाम उघडी ठेवली, तळातून वर भरत येईल असं मॅडम म्हणाल्या. ड्रेसिंगच्या वेळी आबा दात आवळून पडायचे. कधी ओरडले नाहीत. मीच बाहेर जाऊन रडून यायचे.

पाय वाचला. हे मी एका ओळीत लिहिते आहे, पण त्या एका ओळीत सगळा उन्हाळा गेला. घरी आलो तेव्हाही पोटरीत बोटभर खड्डा होता. तो रोज तसूतसूनं वर येताना मी पाहिला, लाल, ओला, मग गुलाबी, मग वर पातळ चामडी. माझ्या नोकरीनं मला शिकवलेली सगळी हात धुण्याची शिस्त मी त्या पायावर खर्च केली. आबा हळूहळू माझ्याशी बोलायला लागले, पण त्यांची नजर फाटकाकडे असायची. चाचा येत नव्हते. निरोप पाठवला तर म्हणायचे, तब्येत बरी नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी मॅडमकडे गेलो. त्यांनी पाय उजेडात धरून नीट बघितला. ओल नव्हती, खपली नव्हती, कुठे उघडं नव्हतं. व्रण मात्र कडक झाला होता, चामडी ओढल्यासारखी, आणि भोवती कोरडी पडून खाजत होती. मॅडमनी आबांना डोळे मिटायला सांगितले आणि व्रणाच्या कडेनं कापूस फिरवला.

"कळतंय?"

"नाय."

"इथं?"

"नाय. लावला का?"

पोटरीच्या त्या खड्ड्याभोवती तळहाताएवढा भाग पूर्ण बधिर होता. तिथली बारीक नस गेली आहे, मॅडम म्हणाल्या, ती आता बहुधा परत येणार नाही. मग स्वतःहून त्यांनी तो विषय काढला. "काका, आता तेल चालेल." आबांनी डोळे उघडले. मॅडम माझ्याकडे बघून सांगायला लागल्या. "खोबरेल किंवा तिळाचं, साधं. नवी बंद बाटली आणा, ती फक्त यांच्यासाठी. त्यात कापूर, लसूण, ओवा, काही घालायचं नाही. आधी चांगल्या चामडीवर थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी बघा. लाल झालं, पुरळ आलं तर सोडून द्या. हात साबणानं धुतलेले हवेत. रगडायचं नाही, बोटांनी हलकं फिरवायचं. चामडी कुठं फुटली, ओल दिसली, तर त्याच दिवशी बंद आणि माझ्याकडे या. आणि तेल तापवायचं नाही. तिथं त्यांना काही कळत नाही. भाजलं तरी समजणार नाही."

मी दुकानातून तिळाच्या तेलाची छोटी बाटली आणली. आबांच्या मांडीवर थेंब लावून बघितला. दुसऱ्या दिवशी काही झालेलं नव्हतं. हात धुऊन मी आबांच्या पायथ्याशी बसले, तर त्यांनी पाय आखडून घेतला.

"तू नको. त्याला बोलव."

"कुणाला?"

"तुला ठावं हाय कुणाला."

माझा पारा चढला. "ज्यांनी माती घातली त्यांनाच? एवढं सगळं झाल्यावर? त्यांच्यामुळं पाय जाता जाता राहिला, तरी तुमची हौस फिटली नाही आबा?"

आबा चिडले नाहीत. असं फार क्वचित व्हायचं. "तालमीत कुणाला हात लावत नाय म्हणं तो आता," ते म्हणाले. "लोकं कंबर धरून दारात येत्यात, तर हा म्हणतो, माझ्या हाताला गुण नाय राह्यला. वळचणीला बसून ऱ्हातो निस्ता. पाय माझा भरला गं. त्याच्या हाताचं काय?"

मी बाटलीचं झाकण पुन्हा लावलं. मला चाचांचा राग होताच. तो एका वाक्यानं जाणारा नव्हता.

"आन् तू गेल्याबिगर तो यायचा नाय," आबा म्हणाले. "बाकी कुणाचं त्याला काय वाटत नाय. तू बोलली व्हतीस."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी छावणीला गेले. चाचा दारातच बसले होते, वाळलेले, दाढी वाढलेली. मला बघून उठले. मी माफी मागायला गेले नव्हते आणि मागितलीही नाही. सरळ सांगितलं, "मॅडमनी तेल लावायला सांगितलंय. आबा माझा हात लावून घेत नाहीत. तुम्ही चला."

"नक्को बेटी. मेरे हात कू नक्को बोल."

"मी बोलत नाहीये चाचा. आबा बोलावतायत. आणि मी सांगेन तसंच लावायचं, तुमच्या मनानं काही नाही."

ते आत गेले, धुतलेला सदरा घालून आले आणि स्कूटीवर मागं बसले.

घरी मी त्यांना बेसिनशी नेलं. साबण दिला. कोपरापर्यंत, बोटांच्या मधून, नखांच्या खालून. हे मी कामावर नव्या पोरींना शिकवते, तसं शिकवलं, आणि चाचांनी अगदी तसं केलं. पाणी निथळत असताना त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले, तपासायला. नखांच्या कडेला लाल रेषा नव्हत्या. हौदात न उतरता त्यांचे किती महिने गेले असतील ते त्या हातांवरून कळत होतं. मला एकदम भडभडून आलं. मी त्यांना टॉवेल दिला, कोरा, आणि वळून बाटली शोधायचं निमित्त केलं.

आबा पलंगावर पाय लांब करून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. "आला व्हय पैलवान," आबा म्हणाले. "लई दिवस तब्येत बरी नव्हती म्हणं तुझी." चाचा पायथ्याशी बसले. मी त्यांच्या तळहातावर थोडंसं तेल ओतलं. त्यांच्या सवयीनं ते दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊब आणणार होते, पण मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"लगाऊं बेटी?"

"लावा. हलकं."

त्यांनी घोट्यापासून सुरुवात केली. ज्या हातांनी मोठमोठ्या पैलवानांच्या पाठी रगडल्या, ते हात इतके हलके होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं. बोटांची नुसती टोकं. व्रणाच्या कडेकडेनं, घोट्यावरून वर, पोटरीच्या दिशेनं. खड्ड्यापाशी आले आणि बोटं थांबली. तिथं मांस पूर्ण भरलेलं नाही, आजही नाही. चाचांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांची बोटं पुढं जात नव्हती आणि मागंही येत नव्हती.

"पैलवान," त्यांनी विचारलं, "लगता क्या यहां? दुखता?"

आबांनी डोळे मिटले. "दुखत नाय. बरं वाटतंय लई," ते म्हणाले. "तिथंच लाव जरा. तुझा हात कळतोय."

चाचांनी डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले आणि बोटं तिथंच फिरवायला लागले, हळूहळू, गोल गोल. तिथं आबांना काही कळत नाही, हे त्या खोलीत आबांना माहीत होतं आणि मला. चाचांना माहीत नव्हतं. मी त्यांच्या तळहातावर आणखी थोडं तेल ओतलं.